खंडेनवमीचा सत्तूर

अवो, मूठ तुमच्या हातातच हुती. नुसती मूठ, लाकडाची, वली, काळी पडलेली. तुमी मुठीकडं बगत हुतासा, मी तुमच्याकडं बगत हुतो, आन् गाडीतनं उतरलेली ती बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, पातं कुठं गेलं?" पातं कुठं गेलं त्ये आदी कुणालाच दिसलं न्हाई. मग तुमच्या प्यांटीवर, मांडीच्या आतल्या अंगाला, काळं काळं पसराय लागलं. मला वाटलं शहाळ्याचं पाणी सांडलं. देवाशपथ, पाणीच वाटलं. आपली लेक आरू माज्या काखेत, जेवणाचा डबा हातात, हायवेवरनं गाड्या सूं सूं करत चाललेल्या, आन् मी काय म्हणावं तुमाला, तर म्हणलं, "प्यांट भिजली बगा."

तवा तुमी खाली बसलासा. हळूच बसलासा, शहाळ्याच्या गाड्याच्या चाकाला पाठ लावून, दुपारचं टेकायचासा तसं. मग मी वरडलो. डबा कुठं पडला ठाऊक न्हाई. आरूला त्या अनोळखी बाईच्या अंगावर ढकललं, तिचं नाव न्हाई, गाव न्हाई, माजं लेकरू तिच्या अंगावर ढकललं आन् तुमच्या मांडीवर दोन्ही हात दाबून बसलो. "दाबा, वरच्या अंगाला दाबा," कोण तर म्हणत हुतं. "साखर भरा." "हळद हाय का कुणाकडं, हळद?" एकजण मोबाइल वर धरून उभा. पदर फाडून बांधावा म्हणलं तर पदर फाटंना. सणाची साडी, माज्या वडलांनी, आप्पांनी, बेळगावात खासबागला सोताच्या मागावर विणून दिलेली, काठ असा घट्ट की दातानं वडला तरी तुटंना. आयुष्यात पैल्यांदा आप्पाच्या हाताला शिवी दिली मी. मग तसाच आख्खा पदर तुमच्या मांडीला गुंडाळला आन् गाठ मारली, म्हंजे तुमी आन् मी एकाच साडीत बांधल्यागत झालो. "ऊठ रं," म्हणलं मी तुमाला. "ऊठ की रं! माज्याकडं बग!" कवा तुमाला अरं-तुरं केलं नव्हतं. तवा केलं, चारचौघात केलं.

कोबीचा टेम्पो थांबला. ड्रायव्हर कानडी माणूस, उतरला त्यो पळतच आला, "एत्तरी, बेग एत्तरी," उचला, लवकर उचला, आन् कुणाची वाट न बगता त्येनंच तुमच्या काखंत हात घातला. त्येच्या मागनं बाकीच्यांस्नी हात फुटलं. कोबीच्या पोत्यांवर तुमी आडवं, तुमच्या मांडीला बांधल्यागत मी. निपाणीचा दवाखाना काय तिथनं लांब न्हाई, पण त्या दिशी रस्ता सरंना. वाटंत एकदाच डोळं उघडलासा. मला वाटलं आता माजं नाव घेत्यात, न्हायतर आरूचं. तुमी म्हणलासा, "त्यास्नी शहाळं द्यायचं ऱ्हायलं."

झालं. त्येवढंच. त्याच्या म्होरं काय न्हाई.

गिऱ्हाइकाचं शहाळं! मला त्याचा लई राग हाय अजून. लोकं येत्यात, माज्या पाठीवर हात ठिवत्यात, "शेवटचं काय बोलला गं?" इचारत्यात. काय सांगू? मी सांगतो, काय बोललं न्हाईत, शुद्ध नव्हती. तुमची लाज राखतो अजून. आन् ती बाई, जिचं शहाळं ऱ्हायलं, ती आरूला घेऊन गाडीनं मागनं दवाखान्यात आली, लेकराचं हात-पाय धुतलेलं, अंगावर तिच्या पोरीचा फ्रॉक घातलेला. आरूला माज्याकडं दिली आन् माज्याजवळ जमिनीवरच बसली, चांगली साडी नेसून, जमिनीवर. तिचं नावबी इचारायचं ऱ्हायलं माज्याकडनं. कुठं असंल तर बरी असू दे.

आता गावात एकच बोलणं. ज्या सत्तूरवर प्वाट भरलं त्या सत्तूरनंच खाल्लं. खोटं हाय, पण कुणाकुणाचं तोंड धरू? तुमचा सत्तूर त्या दिशी घरात पाटावर बसलाता. हळद, कुकू, वर झेंडूचा हार, म्होरं कापलेलं लिंबू. खंडेनवमी हुती. वरीसभर राबणाऱ्या हत्याराची त्या दिशी पूजा करायची आन् मग त्येला हात लावायचा न्हाई, दसऱ्याला सकाळी उठवायचं, तवर त्येला इसावा.

सत्तूर म्हणलं की लोकांच्या डोळ्याम्होरं खाटकाचा लांब-रुंद सत्तूर येतोय. तुमचा तसला नव्हता. वीतभर पातं, चौकोनी तोंड, बोटाएवढी जाड पाठ, आखूड मूठ. म्हणून तुमी त्येला बुटका म्हणायचासा. सदलग्याच्या लोहाराकडनं ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा करून घेतलेला. पात्याचं लोखंडच मुठीतनं आरपार शेवटपातूर गेलेलं, दोन्ही अंगाला शिसवाच्या पट्ट्या ठोकलेल्या. "ह्येची मूठ निघत नसती," गिऱ्हाइकालाबी दाखवायचासा, "मूठ आन् पातं एकच हाय." शहाळी तर तोडायचासाच, पण दोरखंड त्येनंच, सरपण त्येनंच, बांधावरचं काटं त्येनंच, जत्रंत बकऱ्याची वाटणीबी त्येनंच. कमरंला कातड्याच्या म्यानात कायम. मोटरसायकलवर मागं बसलं की माज्या गुडघ्याला टोचायचा. लगीन होऊन नवी नवी आलतो तवा एकदा म्हणलं, "ह्येला काढून ठिवा की घरात, मी हाय न्हवं मागं." तुमी म्हणलासा, "त्यो तुझ्या आदी आलाय या घरात. थोरली सवत म्हण." मोटरसायकल हालंस्तवर हसलासा.

आन् त्या दिशी त्या थोरल्या सवतीला सुट्टी दिलासा. सोताला न्हाई.

सकाळी काय झालं त्ये फकस्त तुमाला आन् मला ठावं. शिवाप्पाचा फोन आला. तुमच्या शेजारीच गाडा लावणारा शिवाप्पा, चिकोडीकडचा. त्येचा माल आदल्या दिशी उतरलाता आन् सणाला त्येला गावाकडं जायाचं हुतं. "अण्णा, एवढा एक दीस माज्या गाड्यावर बस की." तुमी लगेच व्हय म्हणलासा. त्येनं अजून नीट सांगितलंबी नसंल. कुणाला न्हाई म्हणायचं तुमाला कवा आलंच न्हाई. न्हाई म्हणायचासा त्ये फकस्त घरात, मला.

मी पुरण वाटत हुतो. "सणाच्या दिशी कुठं निघालासा?"

"शिवाप्पाच्या गाड्यावर. ऊन हाय, सुट्टीच्या गाड्या हायत्या रस्त्याला. येतोय की सांजचं."

"मग बुटका घेऊन जावा."

"खुळी का काय तू? आज त्येला हात लावायचा व्हय? वरीसभर मर मर मरतोय, एक दीस बसू दे की त्येला."

"आन् तुमी न्हाई मरत वरीसभर?"

तुमी हसलासा. मला त्ये हसू नको हुतं. म्हणलं, "आमच्या खासबागात खंडेनवमीला माग बंद म्हंजे विणणाराबी बंद. आप्पा त्या दिशी पाय पसरून झोपत्यात, कुणी उठवायचं न्हाई. तुमच्यात हत्यार बसतंय आन् माणूस पळतंय. ह्यो कुठला न्याय?"

"तुजा आप्पा मागाचा मालक. मी बुटक्याचा गडी."

"हसण्यावारी नेऊ नका. सांगा मला."

"आल्यावर भांडू," म्हणलासा, चपला घालत. "डबा घेऊन ये. पोळ्या चार जास्त घाल, तिथं आजूबाजूची खात्यात."

आल्यावर भांडू. आता मी कुणाबरोबर भांडू? माजं सगळं बोलणं तयार हाय, एकेक शब्द तयार हाय, रोज चुलीम्होरं बसून भांडतो, तुमचंबी मीच बोलतो, आन् तुमी त्येच्यातबी हसतायसा. एकदा तरी हरा की. एवढं एकदा म्हणा, तू म्हणत हुतीस त्ये खरं हुतं.

शिवाप्पाची चांगली कोयती बी त्येच्या घरात पाटावर बसलेली. गाड्यात ऱ्हायलेली ती जुनी, टाकून दिलेली, कुणी पूजत नसलेली. तिचं पातं मुठीत नुसतं खोचलेलं. मी डबा घेऊन आलो तवा तुमी ती मूठ बादलीत भिजत घातलीती, लाकूड फुगावं आन् पातं घट्ट बसावं म्हणून. बाहेर काढलासा, दगडावर दोनदा हापटलासा. "बसली," म्हणलासा. तुमाला ठावं हुतं ती हलतीया. "दुसऱ्याचं हत्यार म्हंजे दुसऱ्याचं कुत्रं, कवा फिरंल सांगता येत न्हाई," ह्ये बोलणं तुमचंच. जगाला सांगत फिरायचासा. आन् गाडी थांबली, ती बाई उतरली, "दोन द्या, मलईचं," म्हणाली, आन् तुमी ती उचललासा.

दोन घरात दोन चांगली हत्यारं हार घालून बसलीती. जिला कुणी कवा हळदीचं बोट लावलं न्हाई ती रस्त्यावर राबत हुती. तिच्याबरोबर तुमी. मी ह्येच्यावर लई इचार करतो. देवाला हात जोडायला गेलो की ह्येच आठवतं आन् हात खाली पडत्यात.

चांगलं आठवायचं म्हणलं तरी सत्तूरच येतोय म्होरं, काय करू. आरू झाली तवा मी खासबागला, आईकडं. तुमी बसनं आलासा, पिशवीत टोपरं, दुपटं, खारीक-खोबरं, आन् सगळ्याच्या तळाला बुटका. बाळंतिणीच्या उशाला लोखंड पायजे, वाईट काय जवळ येत न्हाई, म्हणून. आमच्या घरात विळी नव्हती व्हय? कातर नव्हती? पण तुमाला तुमचाच पायजे. बेळगावच्या स्टँडवर पोलिसानं पिशवी उघडाय लावली. "इदु येनु?" हे काय म्हणून इचारलं. तुमचं कानडी म्हंजे उतारावरची सायकल. तुमी म्हणलासा, "कूसिगे री." बाळाला हाय, साहेब. पोलीस तुमच्या तोंडाकडं बगतोय आन् सत्तूरकडं बगतोय. मग तुमी कानडी सोडलं, मराठी, हिंदी, हातवारं, पाळणा हलवून दाखवलासा, भूत होऊन दाखवलासा, स्टँडवरची माणसं गोळा झाली. शेवटाला त्यो पोलीसच हसाय लागला. त्येच्या बायकोच्या उशाला अडकित्ता हाय म्हणाला. दोघं मिळून चा प्यालासा आन् त्येनंच तुमाला रिक्षात बसवून दिलं.

घरात येऊन पिशवीतनं काढला तवा मी वरडलो. "लेकराच्या डोस्क्याखाली ह्यो? सरकला म्हंजे?" आई म्हणाली, "जावईबापू, विळीबी चालती हो." तुमी ऐकतायसा व्हय. आईचं जुनं लुगडं मागून घेतलासा, त्येच्यात चार येढं गुंडाळलासा, सुतळीनं बांधलासा, उशाला ठिवलासा. आन् मग तिथंच भिताडाला टेकून बसलासा, हलतोय का बगायला. मी झोपलो, उठलो, तुमी तिथंच. म्हणलं, "तुमीच बसणार हुतासा तर ह्येला कशाला आणलासा?" तुमी म्हणलासा, "मी उद्या कामाला जाणार की गं. त्यो ऱ्हातोय."

त्यो ऱ्हातोय. ऱ्हायलाय बगा.

आन् एक ऱ्हायलंय सांगायचं. मी म्हणलं हुतं, मला शिकवा. गाड्यावर डबा घेऊन यायचो तवा म्हणायचो, "मला शहाळं तोडायला शिकवा, तुमी जेवायला बसलासा की मी दोन गिऱ्हाइकं बगीन." तुमी म्हणायचासा, "बोटं जातील. बायकांचं काम न्हाई त्ये." शिवाप्पा म्हणायचा, "वैनी, तुमी सत्तूर धरला तर गिऱ्हाईक पैसे ठिवून पळंल, शहाळंबी नको म्हणंल." दोघं हसायचासा. मीबी हसायचो, तेवढं मला येतंय. आठवीतनं शाळा सुटली, मागावर बसू दिलं न्हाई कारण पोरगी परक्याच्या घरात जाणार, हितं आलो तर गाड्याला हात लावू दिला न्हाई कारण बोटं जातील. माजी बोटं ऱ्हायली जाग्यावर. धाच्या धा हायत. ती घेऊन मी काय करू?

तुमाला नेलं त्याच्या दुसऱ्या दिशी दसरा. गावात सोनं वाटाय लागली, एकमेकाच्या पाया पडाय लागली. आमच्या घरात सुतक. सत्तूर पाटावर तसाच. दसऱ्याला उठवायचा त्यो कुणी उठवला न्हाई. झेंडू वाळला, लिंबाला बुरशी आली, पात्यावरनं मुंग्यांची रांग. आत्ती, तुमची आई, त्या खोलीत जाईना झाल्या. "रागावलाय त्यो," म्हणायच्या. "माजा ल्योक त्येला सोडून दुसऱ्याला हात लावाय गेला, म्हणून खाल्लं त्येनं. वेदगंगेत नेऊन टाका." मी म्हणलं, "आत्ती, त्यो घरात हुता. त्यो कसा खाईल?" त्या माज्याकडं अशा बगायच्या जशी काय मीच त्येची वकिली करतोय. त्यांचाबी ल्योक गेलाय.

पण थोरलं भावजी काय भ्यालं न्हाईत सत्तूरला. तुमचं थोरलं भाऊ, ज्यास्नी तुमी अण्णा अण्णा करत मागं पळायचासा. त्यांचं आदीपासनं त्येच्यावर डोळं. आन् सत्तूर म्हंजे नुसता सत्तूर न्हाई, ह्ये त्यास्नीबी ठावं, मलाबी ठावं. तुमच्या घरात म्हणत्यात, पूजलेलं हत्यार ज्येच्या हातानं पाटावरनं उठतं, वरीसभर त्येचं काम त्येचं. सत्तूर उचलला की गाडा त्येचा, हायवेवरची चिंचंखालची जागा त्येची, रोजची उठबस त्येची. मग मी कोण? मी आन् आरू ह्या घरात कशावर बसायचं?

भावजी आदी गोडीत आलं. "सूनबाई, लेकराला घेऊन खासबागला जा थोडं दीस. मन रमंल." थोडं दीस म्हंजे काय त्ये मला कळतंय. तेवढी शाळा झालीया माजी. मी म्हणलं, "मी हितंच बरी हाय. मी गाडा लावीन म्हणतो." हसली की सगळी! "हायवेला? लॉरीवाल्यांच्यात? बाईमाणूस सत्तूर घेऊन उभी ऱ्हाणार?" मग गोडी गेली. "नवऱ्याला चार माणसांत अरं-तुरं करणारी बाई हाय ही," म्हणलं, आत्तींच्या म्होरं, "मोबाइलात हाय, सगळ्या गावानं ऐकलंय. तिला काय लाज." अवो, तुमी मरत हुतासा. त्या माणसानं मोबाइल धरला हुता आन् गावानं त्येच्यात एवढंच ऐकलं, मी तुमाला रं म्हणलं.

मला लई भ्या वाटतं. खरं सांगतो. भावजींची चप्पल वाजली तरी आरूला उचलून आत जातो. आन् त्या सत्तूरलाबी मी भितो. आरूचं पप्पा, तुमी गेल्यापासनं मी कांदा चिरताना बी डोळं मिटतो.

दिवस घातलं. पाव्हणं जेवून गेलं. दुपारचं भावजी हातपाय धुऊन आलं, हातात नारळ, कपाळाला बुक्का. चिकोडीच्या त्यांच्या मामाला बसवून घेतलंतं, म्हंजे साक्षीला माणूस. मला कुणी सांगितलं न्हाई. मी सोप्यात आरूला भरवत हुतो. पाटाम्होरं नारळ फोडल्याचा आवाज आला आन् मला कळलं. मग माजं मला ठावं न्हाई. आरूला कडेवर मारली, आत गेलो, भावजी वाळका हार काढायला वाकलंतं, त्यांच्या हाताखालनं हात घातला आन् उचलला.

जड हुता अवो. एवढासा बुटका, पण मनगट खाली गेलं. मुठीला तुमचा हात बसलाता, तुमच्या बोटांचं खोलगट, तिथं माजी बोटं न्हाई बसत.

"खाली ठिव," भावजी म्हणलं.

मी न्हाई ठिवला.

"खाली ठिव म्हणतोय न्हवं!"

त्यास्नी वडून घेता येईना. हत्यार हातातनं हातात द्यायचं नसतं, घ्यायचंबी नसतं, तुटातुट हुती, खून हुतो, असं मानत्यात. एकानं भुईवर ठिवायचं, मग दुसऱ्यानं उचलायचं. तुमीसुद्दा कवा माज्या हातात दिला न्हाईसा, ओट्यावर ठिवायचासा आन् म्हणायचासा, घे. म्हंजे मी खाली ठिवला तर त्यांचा. न्हाई ठिवला तर त्यांच्या मामाम्होरं, त्यांच्या देवाम्होरं, त्यास्नी हात लावता येईना.

आन् आरूनं पात्याकडं हात केला. चकाकतंय न्हवं. तिचा एवढासा हात पात्याच्या धारंकडं चाललाय, माज्या एका हातात ती आन् एका हातात त्यो. मी तिला पटकन खाली सोडली. खाली सोडली तशी रडाय लागली, रांगत रांगत सोप्याच्या कडंला, जिथनं अंगणात दोन दगडी पायऱ्या हायत्या. आत्ती उठल्या तिला घ्यायला. भावजी म्हणलं, "आई, बस. कुणी उचलायची न्हाई तिला. तिची आई हाय न्हवं? सत्तूर खाली ठिवंल आन् उचलंल." आत्ती बसल्या. अवो, बसल्या त्या. आन् मामा म्हणला, "पोरी, लेकरू बग आदी. लोखंड काय पळून जातंय व्हय?"

आरू कडंला गेली. माज्याकडं बगून रडतीया, दोन्ही हात वर केलं, घे म्हणून. मी तिच्याकडं बगतोय. आन् हात वर केल्यामुळं तिचा तोल गेला.

एकच पायरी पडली. हनुवटी फुटली. मी धावलो, डाव्या हातानं तिला वडून छातीशी धरली, तिचं रगात माज्या झंपरवर, उजव्या हातात सत्तूर तसाच, अंगापासनं लांब धरलेला. खाली ठिवला न्हाई. भावजी उंबऱ्यात उभं हुतं. त्यास्नी वाटलं आता ठिवंल. मी न्हाई ठिवला. मग त्येनी चप्पल घातली आन् गेलं. मामा गेला. आत्तींनी हळद आणून आरूच्या हनुवटीला दाबली आन् माज्याकडं न बगता म्हणल्या, "अशी कसली गं आई तू? लोखंडाच्या तुकड्यासाठी."

आता गावात ह्येच चाललंय. सत्तूरनं नवऱ्याला खाल्लं त्ये बोलणं बंद झालं, आता सत्तूरसाठी लेकरू पाडणारी बाई मी. शिवाप्पा आलता काल. मान वर केली न्हाई त्येनं. "वैनी, माल मी आणून टाकीन गाड्यावर, जमंल तवा बसा," म्हणला. त्येला मी माफ केलं न्हाई. माल मात्र घेतो म्हणलं. आप्पांनी खासबागवरनं फोन केला, "ये बाळ घरात." मी म्हणलं, "आप्पा, ह्ये घर न्हाई तर काय हाय मग?"

अवो, तुमाला आता इचारत न्हाई मी. तुमी हसून घालवणार. ज्या कुणी बाया ह्ये वाचत असतील, ज्यांच्या काखेत लेकरू हाय, त्यास्नी इचारतो. आरूच्या हनुवटीला खपली धरलीया, हसली की वढती आन् मग रडती. एका हातात ती हुती आन् एका हातात उद्याची भाकरी हुती, आन् सगळं घर वाट बगत हुतं मी काय खाली ठिवतोय त्याची. खोटं सांगू नका. तुमी काय खाली ठिवलं असतं?